हात खाली घे

लेकीने चित्रं काढायला टॅब पाठवला तेव्हा मी तिला फोनवरच झापलं. "या वयात मला कशाला हे पाटी-पेन्सिलीचं खूळ?" ती म्हणाली, "बाबा, भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा बरं." मी भिंतीकडे बघत बसतो हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे. ही गेल्यापासून घरात बोलणारं कुणी उरलेलं नाही. फ्रिज तेवढा अधूनमधून कण्हतो.

पण महिन्याभरात मी त्या टॅबच्या नादी लागलो. चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवलेला माणूस मी. गिऱ्हाइकांचे मुरूम, तीळ, डोळ्यांखालची वर्तुळं पुसण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. इथे तर ब्रश धुवायला नको, की रंग वाळायची वाट बघायला नको. काचेवर काच ठेवावी तसे चित्राचे थर रचायचे, नको तो थर झाकायचा. मी ठरवलं, हिचं चित्र काढायचं आणि तिला जाऊन वर्ष होईल त्या दिवशी भिंतीवर लावायचं.

तिचे जुने फोटो टॅबवर घेतले, त्यातला एक सगळ्यात खालच्या थरावर ठेवला आणि वरून रंगवत गेलो. केस जमले, नाक जमलं, डोळेही जमले. हनुवटीशी आलो आणि पेन अडलं. तिच्या हनुवटीवर व्रण होता. लहानपणी पायरीवर आपटली होती, त्याचा. बोटाच्या पेराएवढा, पांढुरका. पण डावीकडे की उजवीकडे?

फोटो मोठा करून पाहिला. हनुवटी गुळगुळीत. दुसरा पाहिला, दहावा पाहिला, एकातही व्रण नाही. असणार कुठून? प्रत्येक फोटो मीच काढलेला आणि मीच साफ केलेला. प्रिंट हातात घेऊन ती म्हणायची, "छान आलीय हो ही बाई. कोण आहे?" मी ते हसण्यावारी न्यायचो.

व्रण वेगळ्या थरावर काढला. डावीकडे ठेवून पाहिला, उजवीकडे सरकवून पाहिला. दोन्हीकडे खोटाच वाटत होता. चौतीस वर्षं तिच्यासमोर बसून जेवलो आणि एवढं आठवेना! स्वतःची लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली. आज व्रण गेला, उद्या काय काय जाईल?

शेवटी लेकीला फोन केला.

"डावीकडे," ती लगेच म्हणाली. "लहानपणी मांडीवर बसून मी त्याला बोट लावायचे. थांबा, फोटो पाठवते."

"फोटोत नसेल तो."

फोटो आला. लेकीने स्वतःच्या स्वयंपाकघरात काढलेला, जरासा हललेला. ही खळखळून हसत होती आणि हनुवटीची डावी बाजू तिने हाताने झाकली होती.

"हात का तसा ठेवलाय गं?"

"फोटोत ती नेहमीच ठेवायची की. तुम्हाला माहीत नाही?"

माहीत होतं. स्टुडिओत मी गिऱ्हाइकांवर ओरडायचो तसाच तिच्यावरही ओरडायचो, "हात खाली घे!" मला वाटायचं, बाईला कॅमेऱ्यासमोर नीट बसता येत नाही.

"मी एकदा विचारलं होतं," लेक म्हणाली. "आई म्हणाली, तेवढंच यांचं एक काम वाचतं."

काहीतरी बोलून मी फोन ठेवला. मग रडलो. भरदुपारी, खुर्चीत बसून, मोठ्याने. ऐकणारं कुणी नव्हतं, ते एक बरं.

दुसऱ्या दिवशी तो हललेला फोटो खालच्या थरावर घेतला आणि त्या हसण्यावरून सगळं चित्र नव्याने काढलं. हात तेवढा शेवटी हनुवटीवर तसाच राहिला.

"हात खाली घे," मी म्हणालो. या वेळी हळू.

हात पुसला आणि तिथे व्रण काढला, बोटाच्या पेराएवढा.

चित्र छापून आणून भिंतीवर लावलं. ही बाई कोण, ते आता मला नीट सांगता येईल. विचारणारी मात्र तीच होती.