पडद्याआडचा राक्षस

मी एक जुना पत्रा आहे. नाक मुरडू नका मित्रांनो, मी छपरावरचा नव्हे, नाटकातला. कारखान्यातून आलो तेव्हा माणसाहून उंच आणि गुळगुळीत होतो. रंगमंचाच्या कडेला, पडद्याआड मला दोरीने टांगलं होतं. खालची कड धरून हलवलं, की माझा गडगडाट पार शेवटच्या रांगेपर्यंत जायचा.

आमच्या परीकथेच्या संगीत नाटकात राक्षस कधी दिसायचाच नाही, नुसता ऐकू यायचा. तो राक्षस मी. मला हलवणाऱ्या माणसाला सगळे गडगडेकाका म्हणत. जंगलात हरवलेल्या मुलीचं काम त्यांच्याच लेकीकडे होतं. शेवटी ती अंगाई गाते आणि राक्षस झोपतो. चेटकीण आधी ज्या चालीवर शाप देते, तीच चाल संथ केली की ही अंगाई व्हायची.

"अंगाई सुरू झाली की पत्र्याला हात लावायचा नाही," दिग्दर्शिकाबाईंनी काकांना बजावलं होतं.

पहिला प्रयोग खचाखच भरला. अंगाईची पहिली ओळ छान गेली. दुसऱ्या ओळीला मात्र पोरीच्या तोंडून शापाचे शब्द निघाले. चाल एकच ना! ती जागीच थिजली. पेटीवाल्याने सूर धरून ठेवला, पण तिला शब्दच आठवेनात. मागच्या रांगेत कुणीतरी फिदीफिदी हसलं.

"पडदा पाडा," बाई कुजबुजल्या.

"थांबा जरा," काका म्हणाले. आज पडदा पडला, तर लेक पुन्हा कधी रंगमंचावर पाऊल ठेवणार नाही, हे ते ओळखून होते.

त्यांनी माझ्यावर बोटं टेकली. मी गडगडलो असतो तर सगळंच मुसळ केरात गेलं असतं. पण काकांनी अंगाईचा ठेका धरला, बाळाला थोपटतात तसा. धुम्... धुम्...

पुढच्या रांगेतली एक चिमुरडी आईला म्हणाली, "राक्षसाला झोप येत नाहीये गं. तिला परत गायला सांग ना."

सगळे हसले, पण आता त्या हसण्यात माया होती. पोरगीही हसली, आणि गायला लागली. शेवटच्या ओळीला काकांनी हात काढून घेतला. राक्षस झोपला.

दुसऱ्या दिवशी बाई एवढंच म्हणाल्या, "तो ठेका राहू द्या."

आता गडगडाट यंत्रातून येतो. कळ दाबली की वाजतो, पण समोर कोण अडखळलंय हे त्याला दिसत नाही. मी रंगाच्या डब्यांमागे गंजत पडलोय. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? कधी तेलाचा हात फिरवलात तर बरं वाटेल. तेही नाही जमलं तर एवढं करा, मित्रांनो. चारचौघांत कुणी अडखळलं, तर हसू नका. हळूच ठेका धरा.