पाण्यावरचा पडदा

काचेची बशी तिने बाबांच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवली, झाकण काढलं आणि ती दोन पावलं मागे सरली.

“झाला पडदा, बाबा. पाण्यावर बघा, अगदी वरच आहे.”

बाबांनी चष्मा चढवला. डायलिसिसला आता जायचं नाही, असं त्यांनी परवाच सांगून टाकलं होतं. सुया टोचून घ्यायच्या, मशीनने रक्त गाळायचं आणि घरी येऊन मेल्यासारखं पडायचं; पुरे झालं, म्हणाले. आईने विनवण्या केल्या, डॉक्टरांनी समजावलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. उद्याचं डायलिसिस चुकलं तर पुढे काय, हे घरात प्रत्येकाला कळत होतं आणि बोलायची कुणाची छाती नव्हती.

मुलगी संशोधक. काही जिवाणूंच्या अंगावर प्रथिनांचं कवच असतं. ती प्रथिनं सुटी करून पाण्यात सोडली, की आपली आपणच वरती येऊन शेजारी शेजारी बसतात आणि त्यांची जाळी तयार होते. सगळी भोकं एकाच मापाची. असा पडदा मशीनमध्ये बसला तर रक्तातलं विष तेवढं बाहेर जाईल, अंगाला हवं ते राहील, आणि माणूस इतका थकणार नाही. वर्षानुवर्षं ती जेवताना हेच बोलायची आणि बाबा ऐकायचे.

पण पडदा काही धड होत नव्हता. कालचाही अर्धा जुळून फाटला. बशीत नुसतं पाणी होतं, तेही नळाचं.

“दिसत तर काही नाही,” बाबा म्हणाले.

“इतका पातळ असतो की दिसतच नाही. मशीनमध्ये बसायला थोडा वेळ लागेल. तोवर तुम्ही फक्त...”

बाबा बशीवर वाकले. पाणी अजून हिंदकळत होतं.

“आणलीस कशी?”

“बसने. मांडीवर धरून.”

बोलली आणि तिने जीभ चावली. पाण्यावर पडदा असताना प्रयोगशाळेत खुर्चीसुद्धा सरकवायची नाही, नुसतं दार आपटलं तरी मुसळ केरात, हे तिनेच त्यांना हजारदा सांगितलं होतं. कुणीतरी असंच दार आपटलं त्या दिवशी ती घरी येऊन जेवली नव्हती, आणि तिच्या ताटाशी बाबाच बसून राहिले होते.

ती खिडकीबाहेर बघत राहिली. बाबांनी झाकण उचललं आणि बशीवर ठेवलं, हलक्या हाताने, आत खरंच काही असल्यासारखं.

“पुढचा झाला ना, की घरी आणू नकोस,” ते म्हणाले. “तिथेच राहू दे. मीच येईन बघायला.”

तिने मान हलवली. डोळे पुसायलाही तिला सुचलं नाही.

मग त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून आईला हाक मारली.

“अगं, उद्यासाठी माझा स्वेटर काढून ठेव. त्या मशीनपाशी फार गार असतं.”