बिनठिपक्याची पुडी

“मूळ मातीत खोल गं, दुखणं पोटात खोल, एक निघतं कुदळीनं, दुसऱ्याला लागे बोल.”

चाळणी हलवता हलवता आई हे गुणगुणायची. तिला जाऊन वीस वर्षं झाली, पण आता तिचं औषधी मुळ्यांचं दुकान चालवणाऱ्या मुळीवालीला वाटे, तो आवाज अजून चाळणीतच अडकून बसलाय. चाळायला घेतलं, की शतावरीच्या भुकटीबरोबर तोही भुरुभुरु गळायला लागे.

आज मात्र सकाळपासून एकीने खरा बोल काढला असेल तर शपथ!

पहिली आली ती म्हणाली, “माझ्या शेजारणीला हवंय. बाळाला दूध पुरत नाही तिचं.”

“आणि शेजारणीचं दूध तुझ्या पोलक्यावर कसं सांडलं गं?”

बाईने पदर ओढून घेतला. दुसरी ‘मैत्रिणी’साठी आली होती. दर महिन्याला तिच्या पोटात म्हणे कळा येतात. हे सांगताना ती स्वतःच फळीवर कोपरं टेकून पार वाकली होती.

“मैत्रिणीला म्हणावं, आधी सरळ उभी राहून दाखव,” मुळीवाली वैतागून म्हणाली. “अगं, औषध कुणाला द्यायचं ते मला कळायला नको? साऱ्या गावाच्या शेजारणी आजारी, आणि माझ्या दारात येतात त्या तेवढ्या ठणठणीत!”

आत पुड्या बांधणारी सून फिस्सकन हसली. कानावर पेन्सिल आणि जिभेवर धार, अशी ही सून. पुड्यांवर ठिपके द्यायचं काम तिचं. भुकटी एकच, पण घ्यायची रीत निराळी. म्हणून आईने ठिपके ठरवून दिले होते. बाळंतिणीच्या दुधासाठी एक, महिन्याच्या दुखण्यासाठी दोन, आणि पाळी जायच्या वयात अंगातून वाफा निघतात त्यांच्यासाठी तीन. चौथा ठिपका नव्हताच. पाळी जाऊन वर्ष लोटलं आणि पुन्हा डाग दिसला, तर आई पुडी बांधत नसे. “तिथं मुळी मुकी होते,” ती म्हणायची. “अशा बाईचा हात धरायचा आणि डॉक्टरकडे न्यायचं. दुकान बंद ठेवावं लागलं तरी चालेल.”

हा नियम मुळीवालीला तोंडपाठ होता. आजवर चौघीजणींना तिने तसं हाताला धरून नेलंही होतं. आणि आता महिना झाला, तो डाग तिला स्वतःलाच दिसत होता. तीन वेळा ती दवाखान्याच्या पायरीपर्यंत गेली, आणि तीनही वेळा चपलेचा अंगठा तुटल्याचं निमित्त करून माघारी फिरली. रोज उठून शतावरी घ्यायची, आणि मनाला बजावायचं, उष्णता असेल, दगदग असेल. दुसरीने असं सांगितलं असतं तर तिने तिची खरडपट्टी काढली असती.

दुपारी गर्दी ओसरली तशी सुनेने टोपली उपडी केली. “आई, ही एक पुडी बिनठिपक्याची राहिली बघा. मघाच्या मैत्रिणीची का? दोन देऊन टाकते.”

“ठेव तिथंच!” मुळीवालीने झडप घालून पुडी घेतली. चाळणी खाली आदळली. दोघींच्या पायांवर भुकटीचा पांढुरका सडा पडला.

सुनेने पायांवरची भुकटी झटकली. “कुणाची आहे?”

“आहे एकीची.”

“कुणाची?”

“शेजारणीची,” मुळीवालीच्या तोंडून निघून गेलं.

सून आता हसली नाही. तिने कानावरची पेन्सिल काढून फळीवर ठेवली. “आपल्या डावीकडे कुलपांचं दुकान, उजवीकडे न्हावी. कुठली शेजारीण? वय काय तिचं? पाळी कधी गेली?”

“तू मला शिकवू नकोस. तुझ्या जन्माआधीपासून मी पुड्या बांधते!”

“म्हणूनच विचारते. बिनठिपक्याची तुम्ही कधी बांधत नाही. आणि महिनाभर न्हाणीघरात दार लावून काय धूत असता, तेही मी विचारलं नाही. वाटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. बायका दारात खोटं बोलतात म्हणून दिवसभर कपाळाला आठ्या घालता, आणि स्वतः? वैताग आणलाय तुम्ही, आई!”

सुनेचा आवाज चिरकला. तिने दुकानाचं दार ओढून घेतलं. आत अर्धा अंधार झाला, आणि फटीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात भुकटीचे कण तरंगत राहिले. मुळीवालीने खाली वाकून चाळणी उचलली. सवयीने एकदा हलवली. रिकामीच होती, तरी जे ऐकू यायचं ते आलंच.

तिने पुडी सुनेच्या हातात दिली, आणि तोच हात घट्ट धरून ठेवला.

“शेजारीण नाही गं,” ती म्हणाली. “मीच. पाळी जाऊन दोन वर्षं झाली, आणि महिनाभर मला रक्त दिसतंय. मला भीती वाटते. तू चल माझ्याबरोबर.”