पिलेल्या दिवशीची गोळी

हनीफ पहिल्यांदा आमच्या दारात उभा राहिला तवाच मी त्याला ओळखलं. उदगीरच्या मोंढ्यात धान्याची पोती उचलणारा हमाल. माझं माहेर तिथलं. भर दुपारी पिऊन नालीत पडलेल्या ह्याला मी ह्याच डोळ्यांनी बघितलंय. अन् तोच माणूस इस्त्रीचा सदरा घालून म्हणतो, दवाखान्यातून आलोय, लिंबाजीची दारू सोडवायला. म्हणलं, वा रे वा, चोराच्याच हाती किल्ल्या!

लिंबाजी माझा नवरा, गवंडी. भूकंप झाला तवा किल्लारीकडं प्रेतं उपसायला गेलता. वासानं उभं राहवंना म्हणून पोरं दारू पिऊन ढिगाऱ्यावर चढायची. तिथं जी तोंडाला लागली ती लागलीच. पुढं कामासाठी गावोगाव फिरला अन् एचआयव्ही घेऊन आला. मी लई भांडले, लई रडले. माझी तपासणी दोनदा झाली, दोन्ही टायमाला काही निघालं न्हाई. त्याला गोळ्या सुरू झाल्या. रोज एक, जन्मभर.

घर चालतं माझ्या मेसवर. लातुरात क्लासला आलेल्या बावीस पोरी माझ्याकडं जेवतात, सगळ्या डॉक्टर व्हायला निघालेल्या. ह्या घरात कसल्या गोळ्या येतात ते एकीच्या बापाला कळलं, तर दुसऱ्या दिवशी चूल बंद. म्हणून बाटली मी तांदळाच्या कोठीत दडवायची अन् माझ्या हातानं गोळी द्यायची.

तरी लिंबाजी खंगतच चालला. डॉक्टर म्हणाले, अंगातली ताकद घटत चाललीय, असंच चाललं तर माणूस हाती लागायचा न्हाई. म्हणून हा हनीफ धाडला. ह्यालाबी तीच बिमारी, ह्यानंबी दारू सोडलेली. दवाखान्यानं अशाच माणसाला शिकवून कामावर घेतलेलं. मला काही पटंना. सोडलेला बेवडा पुन्हा कधी धरंल, काय नेम? अन् धरली तर कुणाच्या ओट्यावर बसून आमचं नाव काढंल?

दर मंगळवारी दुपारी यायचा. चहा देऊन मी दारातच उभी राहायची. हळूहळू दोघं बाहेर जायला लागले. लिंबाजी परत आला की मी त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. दारूचा न्हाई, बडीशेपेचा यायचा. मग तर माझं डोकंच फिरलं. बडीशेप माणूस कशाला खातो, ते मला शिकवू नका.

एका मंगळवारी पोरींची जेवणं उरकली अन् मी गेले मागं. बसस्टँडच्या पलीकडं चहाची टपरी हाय, तिच्या पाठीमागं दोघं बाकड्यावर बसलेले. मी ताडपत्रीआड उभी राहिले. पुढ्यात चहाच होता, अन् बशीत बडीशेप. तरी मी हलले न्हाई.

हनीफ विचारत होता, दवाखान्यात बाटली मोजली तर महिन्याच्या शेवटी अकरा गोळ्या उरल्या कशा? मग हनीफच म्हणाला, "पिलेल्या दिवशी गोळी टाळतोस ना? मीबी टाळायचो. वाटायचं, दारूवर गोळी घेतली की काळीज जळतं. पार मरायला टेकलो तवा कळलं. दारू सोडायचीच हाय, लिंबाजी. पण पिलास तरी गोळी चुकवू नको. गोळी चुकली की बिमारी माजते, दारूनं मरायच्या आधीच माणूस मरतो."

पिलेल्या दिवशी गोळी द्यायची न्हाई, हा कायदा माझा होता. दवाखान्यात सांगितलं असंल, पण माझी तपासणी सोडली तर मी कधी आत गेलेच न्हाई, कुणी ओळखीचं बघंल म्हणून बाहेर बसायची. तो झिंगत आला की मी कोठीवर बसून म्हणायची, आज पिलास, आज गोळी न्हाई. दोन विष एकत्र नकोत. नवऱ्याला वाचवतेय, असं वाटायचं मला.

लिंबाजी म्हणाला, "मीच विसरतो. धुरपताचा त्यात काही संबंध न्हाई."

माझं नाव तर कुणी काढलंच नव्हतं.

मी ताडपत्री सारली अन् पुढं झाले. हनीफ उठून उभा राहिला. मी म्हणलं, "गोळ्या माझ्याकडं असतात. पिलेल्या दिवशी मीच देत न्हाई. दोन सालं झाली."

लिंबाजीनं मान खाली घातली. "कशाला सांगितलंस गं," म्हणाला.

मला रडू फुटलं. भर रस्त्यावर, टपरीवाल्याच्या देखत. पदरानं तोंड पुसलं अन् हनीफच्या शेजारी बाकड्यावर बसले. म्हणलं, "भाऊ, आता मला नीट सांगा. पिऊन आला तर गोळी कशी द्यायची?"