पलीकडून दिसली पाहिजे

"नळीत कुंकू कोंबायला कुणी सांगितलं होतं या लोकांना?"

मोरोपंत एकटेच करवादत होते आणि सळईला फडकं गुंडाळून एकेक नळी साफ करत होते. खंडेनवमीला शेटजी दुकानातली सगळी हत्यारं गादीवर मांडून पूजा करत, गंध-कुंकू मनसोक्त उधळत, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते निस्तरायचं काम मोरोपंतांकडे येई. ओल्या कुंकवानं लोखंड गंजतं हे देवालाही कळत असेल, शेटजींना कळत नव्हतं.

अकोल्याच्या या बंदुकीच्या दुकानात मोरोपंतांना सव्वीस वर्षं झाली होती. सव्वीस वर्षांत त्यांनी स्वतः एकही गोळी झाडली नव्हती. घरात उंदीर निघाला तर पत्नी सिंधूताई पिंजरा लावीत आणि हे अंगणात जाऊन उभे राहत. पण कुणाला आखूड नळी द्यावी आणि कुणाला लांब, हे माणूस पायरी चढतानाच आपल्याला कळतं, असा त्यांचा पक्का समज होता. कापसाच्या जिनिंगमधल्या कॅशियरला आखूड, मळ्यात राहणाऱ्याला लांब. कशासाठी हवी हे ते कधी विचारत नसत. विचारलं की झोप जाते, म्हणत.

त्या दिवशी, म्हणजे एकोणसाठ सालच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, पायरीवर एक जोडपं आलं. पुरुष पन्नाशीचा, ताठ, टाच आपटत चालणारा. बाईच्या अंगावर पांढरं लुगडं.

"किसनराव. पलटणीतून जमादार म्हणून रिटायर झालो," असं म्हणत त्यानं लायसन पुढे ठेवलं. "हे आमची इंदूबाई. काल नागपूरले होतो, म्हणून आज आलो."

मोरोपंतांनी मान हलवली. दसऱ्याला पांढरे कपडे घालून नागपूरला कोण जातं, हे धम्मदीक्षेनंतरच्या तीन वर्षांत साऱ्या वऱ्हाडाला ठाऊक झालं होतं. त्यांनी कपाटातून दोन रिव्हॉल्वरं काढून फडक्यावर ठेवली.

"दोन्ही विलायती, दोन्ही बत्तीस बोअर. फरक नळीचा. ही तीन इंची. खिशात राहते, कुणाला पत्ता लागत नाही. पण दहा पावलांपलीकडे तिचा भरवसा धरू नका. ही पाच इंची. नेम चांगला, पण वागवायला अवजड. बसताना मांडीला टोचते."

किसनरावांनी दोन्ही उघडून आत गोळी नाही याची खात्री केली. न सांगता, सवयीनं. तेवढ्यावरूनच मोरोपंतांना कळलं की हा माणूस आपल्यापेक्षा जास्त जाणतो.

"नेमाचं राहू द्या, पंत. पट्ट्यात लावून पाहू द्या." मग ते बायकोकडे वळले. "तू त्या बाजूले जाऊन उभी राह्य. शेंगदाण्याच्या गाडीजवळ."

इंदूबाई निमूट रस्ता ओलांडून गेली. किसनराव आखूड रिव्हॉल्वर कमरेच्या चामडी पाकिटात घालून दुकानाच्या दारात उभे राहिले. शेटजी जेवायला गेले होते म्हणून बरं, असं मोरोपंतांच्या मनात आलं.

"काईच दिसून नाई राह्यलं!" पलीकडून इंदूबाई ओरडली. "पानाची चंची वाटते!"

मग पाच इंचीचं लांब पाकीट कमरेला आलं. या वेळी इंदूबाई ओरडली नाही. रस्ता ओलांडून परत आली आणि हळूच म्हणाली, "दिसते. शेंगदाण्यावाल्यानंबी पाह्यली. बसला होता, तो उठून उभा झाला."

"हेच द्या," किसनराव म्हणाले.

आता मात्र मोरोपंतांनी लायसन पुन्हा हातात घेऊन वाचलं. हत्यार लपवायला धडपडणारी गिऱ्हाइकं त्यांनी शेकड्यांनी पाहिली होती, दाखवायला धडपडणारं पहिलंच. ज्याला दाखवायची हौस, तो कधीतरी उडवणार. त्यांनी सव्वीस वर्षांचा नेम मोडला.

"कुणाशी वैर आहे का?"

किसनरावांनी पाकीट कमरेवरून सोडून ठेवलं. "माही पोरगी मैना बाळापूरच्या शाळेत जाते. आठवीत हाये. आमाले गावच्या मोठ्या गल्लीतून जाऊ नका म्हणतात, नाल्यातून जा म्हणतात. देव सोडले, मेली ढोरं ओढणं सोडलं, याचा राग हाये. दोनदा तिचं दप्तर नाल्यात फेकलं. मॅट्रिकले चार वर्सं राह्यली. चार वर्सं मी रोज तिच्यासंगं गल्लीतून चालणार."

"मग माझं ऐका, आखूडच घ्या," मोरोपंत कळवळून म्हणाले. "दिसली की समोरचा चिडतो. चिडला की हात उचलतो. त्यानं हात उचलला की तुमचाही हात जाईल. मग पोरगी घरी अन् तुम्ही फासावर. माझ्या हातून गेलेल्या हत्यारानं असं व्हायला नको."

"पंत," इंदूबाई म्हणाली, "लपवलेली पाहून कोण बाजूले सरते?"

मोरोपंतांनी पाच इंची बांधून दिली आणि पंचवीस गोळ्यांच्या खोक्यावर आपल्या सहीची कागदी पट्टी चिकटवली.

त्या दिवसापासून त्यांची झोप गेली ती गेलीच. रोज सकाळी चष्मा लावून ते वर्तमानपत्राच्या बारीक बातम्या चाळत. सिंधूताई विचारीत, "काय शोधताय एवढं?" ते म्हणत, "सापडत नाही तेच बरं आहे."

त्रेसष्टच्या जूनमध्ये एका दुपारी मोरोपंतांनी मान वर केली, तर रस्त्याच्या पलीकडे, शेंगदाण्याच्या गाडीजवळ, इंदूबाई उभी. बरोबर एक उंच मुलगी. बाईच्या गळ्यात पोत नव्हती. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं.

मोरोपंत उठून दारापर्यंत गेले. "कुणी मारलं?" त्यांच्या तोंडून एवढंच निघालं.

"कोणी नाई, बाप्पा. काविळीनं गेले, चैतात," इंदूबाई पायरी चढत म्हणाली. "हत्यार दुकानात जमा करा म्हणून सांगतलं लायसनच्या सायबानं. विकलं गेलं तं पैसे येतीन."

मोरोपंतांना आधी हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची मग लाज वाटली. त्यांनी फडकं सोडलं. पाकिटाचं खालचं टोक, जिथं लांब नळी मांडीला घासायची, झिजून पांढरं पडलं होतं, शिवण उसवली होती. आतलं रिव्हॉल्वर मात्र दिलं तसंच होतं. त्यांनी नळी उजेडाकडे धरली. लख्ख. मग खोका उचलला. पट्टी शाबूत होती, सहीसुद्धा फाटली नव्हती.

"म्हणजे… भरलीच नाही?"

"एकबी दिवस नाई. नागपूरले पंचशील घेतलं होतं त्याईनं. जीव घेणार नाई म्हणून. पलटणीत जे झालं ते झालं, म्हणत, आता नाई."

"अन् कुणी अंगावर आलं असतं तर?"

"तं मेले असते." इंदूबाईनं रिकाम्या फडक्याची घडी घालायला घेतली. "रोज सकाळी हे दोघं गल्लीत वळेपर्यंत मी दारात उभी राहो. आतून रिकामी हाये, हे मले मालूम होतं. गावाले नव्हतं."

"मलेबी नव्हतं," मुलगी म्हणाली. ही मैना. "शेवटचा पेपर झाला त्या दिवशी वापस येताना बाबानं सांगतलं. तवा मले भेव वाटलं. चार वर्सं नाई वाटलं."

"मॅट्रिक झाली ते," इंदूबाई म्हणाली. "अमरावतीले नर्सच्या ट्रेनिंगले चालली."

मोरोपंतांनी जमा हत्यारांची वही पुढे ओढली. नाव, गाव, नंबर, गोळ्या पंचवीस. 'स्थिती' या रकान्यात त्यांनी सुबक अक्षरात 'न वापरलेले' असं लिहिलं.

मैना वाकून वाचत होती. "काका, हे बराबर नाई."

"अगं, खरंच तर आहे. नळी कोरी आहे. अन् असं लिहिलं की किंमतही चांगली येते. वापरलेल्याला निम्मे दाम."

"निम्मे येऊ द्या." तिनं आईकडे पाहिलं. इंदूबाईनं मान हलवली. "बाबानं रोज वापरली हे. शाळेच्या एकूण एक दिवशी. तसंच लिहा."

मोरोपंतांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मग 'न' या अक्षरावर हळूच एक आडवी रेघ ओढली. तीस वर्षांत त्या वहीत झालेली ती पहिली खाडाखोड होती. इंदूबाईनं अंगठा उठवला. त्या अंगठ्याशेजारी मैनानं सही केली, सावकाश, बापाच्या नावासकट पूर्ण.