क्रुसाच्या तुळशीतली मांजरं

सलग चौथ्या सकाळी एव्हान्थियाला वाफ्यात तेच दिसलं. मऊ मातीचा लहानसा उंचवटा, बाजूला नखांनी ओढलेल्या रेघा, आणि तो वास. तिने हातफावडं आणलं, घाण उचलली, भोवतालची माती खणून लांब टाकली आणि त्या जागी नवी माती चाळून भरली. हे सगळं ती दातओठ खात पण तोंडातून शब्द न काढता करत होती, कारण भिंतीपलीकडे मांजरांचा मालक, शेजारचा स्त्रातीस, कॉफी पीत बसला होता. त्याला ऐकवायचं ते सगळं मागच्याच आठवड्यात ऐकवून झालं होतं.

टोमॅटोचा वाफा असता तर तिने एवढं मनाला लावून घेतलं नसतं. टोमॅटो धुता येतात. पण ही बारीक पानांची तुळस क्रुसाच्या सणाची होती. चौदा सप्टेंबरला ती चर्चमध्ये जायची, तिच्या हिरव्या ढिगावर क्रूस ठेवला जायचा आणि प्रार्थना संपली की घरटी एक काडी मिळायची. बायका ती काडी घरी नेऊन पीठ-पाण्याच्या भांड्यावर ठेवत. वर्षभराच्या पावाचं आंबवण त्या दिवशी नव्याने धरलं जाई. म्हणजे तुळशीला जे लागलं ते साठ घरांच्या पावाला लागलं.

एकतीस वर्षं ही तुळस एव्हान्थियाच्या वाफ्यातून जात होती, त्याआधी तिच्या आईच्या. त्या ग्रीक बेटावर बाकीच्यांची तुळस उंबऱ्यावर, चीजच्या रिकाम्या डब्यांना चुना फासून त्यांत लावलेली असे. आईचा नेम वेगळा होता. क्रुसाची तुळस जमिनीत वाढवायची, आणि तिची माती पिठासारखी चाळून घ्यायची. एव्हान्थियाने तो नेम कधी मोडला नव्हता.

आणि आता सणाला तीन आठवडे उरलेले असताना, रविवारी चर्चच्या दारात पाद्रीबाबांनी तिला हळूच बाजूला घेतलं होतं. तुळस कशी आहे, त्यांनी विचारलं. मग जरा घुटमळून म्हणाले की लोकांच्या कानावर काहीबाही आलंय, आणि गावातल्याच आर्गिरोकडे यंदा तुळशीचे बारा डबे चांगले भरलेत, गरज पडली तर. एव्हान्थियाने गरज पडणार नाही असं सांगितलं, पण घरी येईपर्यंत तिचे कान तापलेले होते.

उपाय तिने थोडे केले नव्हते. आधी सगळे करतात तसं भिंतीच्या कडेने पाण्याने भरलेल्या बाटल्या मांडल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी एक तांबूस बोका त्यातल्याच एका बाटलीला पाठ टेकून गारव्याला झोपला होता. मग तिने तीन घरांतला कॉफीचा चोथा गोळा करून पसरला. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी चोथा वाळून त्याची खपली झाली आणि मांजरांनी खपलीच्या शेजारची जागा धरली. लिंबाच्या साली टाकल्या, त्यांवर मुंग्या आल्या. व्हिनेगर शिंपडलं, त्यात दोन रोपं करपली. शेवटी डांबरगोळ्या टाकल्या. त्याने मांजरं गेली की नाही देव जाणे, पण तुळशीला थंडीच्या कपड्यांच्या ट्रंकेचा वास यायला लागला आणि एव्हान्थियाला गुडघ्यांवर बसून एकेक गोळी वेचून काढावी लागली.

मग ती स्त्रातीसकडे गेली होती. स्त्रातीस चाळीस वर्षं जहाजांच्या स्वयंपाकघरात होता, तरी गाव त्याला कप्तान म्हणायचं. त्याच्या दारात सात मांजरं होती. त्यांना त्याने आपण पाहिलेल्या बंदरांची नावं दिली होती, आणि रोज बाराच्या ठोक्याला तो भिंतीवर मासळीची डोकी ठेवून मार्सेय, ओडेसा, जेनोवा अशा हाका मारायचा. एव्हान्थियाने त्याला बजावलं होतं की ही बंदरं घरात कोंडून ठेवा, नाहीतर समुद्रात सोडा.

स्त्रातीसने शांतपणे ऐकून घेतलं होतं. मग म्हणाला होता, "शेजारीणबाई, तुम्ही त्यांच्यासाठी माझ्या गादीपेक्षा मऊ अंथरूण घालता. रोज सकाळी बदलता पण. त्यांनी दुसरीकडे जायचं तरी कशाला?"

एव्हान्थियाला ते टोमण्यासारखं झोंबलं होतं. तिने खिडकीची झडप अशी आपटली की खालच्या गल्लीत ऐकू गेलं.

आज मात्र तिने ठरवलं की चोराला हातोहात पकडायचं. दुपारी जेवण तसंच ठेवून ती झडपेच्या फटीमागे स्टूल घेऊन बसली. हातात पाण्याची नळी होती, तोटी खिडकीखालीच होती. बाराचा ठोका पडला, भिंतीवर डोकी आली, सात शेपट्या उभ्या राहिल्या, डोकी संपली. थोड्या वेळाने मार्सेय भिंतीवरून उतरला. तोच तो तांबूस बोका.

तो सरळ वाफ्यात आला नाही. आधी पायवाटेवर थांबला, एक पाय टेकवून पाहिला आणि उचलला. तिथली माती तिच्याच जाण्यायेण्याने टणक झाली होती. मग थाइमच्या झुडपाखाली गेला, तिथले खडे हुंगले, परतला. कॉफीच्या खपलीला वळसा घातला. सगळं अंगण पालथं घालून शेवटी तो नेमका त्या वीतभर जागेपाशी आला, जिथे तिने आज सकाळी आईच्या चाळणीने माती चाळून घातली होती. दोन पाय मारले. माती पिठासारखी उडाली. बोक्याने समाधानाने डोळे मिटले.

एव्हान्थियाच्या हातातली नळी तशीच राहिली. चार दिवस, चार जागा, आणि चारही आदल्या सकाळी तिनेच भरलेल्या. रोज ती निस्तरत होती आणि रोज त्यांना नवी जागा तयार करून देत होती. तिने कपाळाला हात लावला. बोक्याचा राग येत होताच, पण त्याहून जास्त राग आला तो कप्तानाचं म्हणणं खरं निघाल्याचा.

ती भिंतीपाशी गेली. स्त्रातीस मासळीचं ताट धूत होता.

"कप्तान, तुमच्याकडे जुनं जाळं आहे का?"

त्याने वर पाहिलं. "मांजरं पकडायला?"

"माती झाकायला. माझी माती."

तो हसला नाही, हे तिने मनोमन नोंदवलं. त्याने ताट पुसलं आणि म्हणाला, "जाळं देतो. पण त्यांना कुठेतरी जागा लागेल, शेजारीणबाई. तुमची चाळलेली माती थोडी इकडे अंजिराखाली टाका. मी रोज उकरून देत जाईन."

"आईच्या चाळणीतली माती तुमच्या मांजरांच्या शौचाला?"

"तशीही तिथेच वापरली जातेय की."

संध्याकाळपर्यंत दोघांनी रोपांच्या बुडाशी जाळं ताणून खुंट्या मारल्या. जाळ्यात जिथे भोकं होती तिथे त्याने काटेरी झुडपाच्या फांद्या खोचल्या. आणि एव्हान्थियाने नाकाला पदर लावल्यासारखं तोंड करून चार बादल्या माती अंजिराखाली ओतली. दोन दिवसांत मांजरांचा रस्ता बदलला.

पण झालेलं झालं होतं. ज्या रोपांच्या मुळाशी घाण गेली होती ती तिने एकेक करून उपटली. कोणाला कळलं नसतं. वरची पानं स्वच्छ होती, वास चांगला घमघमत होता. पण पीठ मळणाऱ्या साठ बायकांच्या हातांसमोर तिला ती रोपं ठेववेनात. उरलेली तुळस तिने नजरेनेच मोजली. जेमतेम अर्ध्या गावाची होती.

सणाच्या आदल्या सकाळी ती आर्गिरोच्या दारात उभी राहिली.

आर्गिरोने दाराला टेकून सगळं ऐकलं आणि विचारलं, "आणि डब्यातली चालेल तुला? तुझ्या आईला चालायची नाही."

"मलाही चालत नाही," एव्हान्थिया म्हणाली. "पण पुरायला हवी."

आर्गिरो आत गेली आणि कात्री घेऊन आली.

क्रुसाखाली दोघींची तुळस एकत्र गेली. वाटताना कोणती कोणाची हे पाद्रीबाबांनाही सांगता आलं नाही, आणि एव्हान्थियाच्या वाट्याला आलेली काडी बहुधा डब्यातलीच होती, देठ जरा कोवळा होता. घरी येऊन तिने ती पिठावर ठेवली, फडकं झाकलं. पुढच्या दोन सकाळी भांड्याकडे पाहायचा तिला धीर होत नव्हता. तिसऱ्या सकाळी फडकं वर आलं होतं. खाली बुडबुड्यांनी फुगलेलं, आंबूस वासाचं आंबवण होतं.

तिने वाफ्यावर नजर टाकली. जाळं ताणलेलं, खाली माती जागच्या जागी. बरं वाटून ती दार उघडून उंबऱ्यावर आली, आणि तोच वास आला. जिरेनियमच्या फुलझाडाच्या डब्यात मातीचा लहानसा उंचवटा होता. बाजूला नखांच्या रेघा. ती माती तिने परवाच बदलली होती. चाळून.

"कप्तान!" तिने हाक मारली.

भिंतीपलीकडून आवाज आला, "डब्यात का? खडे घाला वर, शेजारीणबाई. मोठे. आणि चाळणी इकडे द्या पाहू."