'बाईंचा क्लास' सापडत नाही

"सर, मागची वायर काढून परत लावलीत का?"

"चार वेळा."

"आता पाचव्यांदा लावाल का? मला तसं विचारावंच लागतं, सर."

भाऊसाहेबांनी पाचव्यांदा लावली. एकतीस वर्षं खिडकीच्या आत बसून लोकांना 'झेरॉक्स पुन्हा काढून आणा' असं सांगितलेल्या माणसाला हेल्पलाइनवरच्या या मुलीवर चिडायचा अधिकार नव्हता.

"काय दिसतंय, सर?"

"गोल फिरतंय."

"म्हणजे ते शोधतंय."

"शोधतंय ते दिसतंय मला. सापडत नाहीये, ही तक्रार आहे."

हेल्पलाइनवाल्या मुलीसमोर कुठलातरी कागद असावा आणि त्यावरच्या सगळ्या ओळी संपल्या असाव्यात. "मग आपण रिसेट करू, सर. सगळं पुसलं जाईल आणि पहिल्यासारखं होईल."

"पहिल्यासारखं म्हणजे कधीसारखं?"

"अं... दुकानातून आणलं तेव्हासारखं."

"तेवढंच होय," भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

टेबलावर तो प्लेअर बसला होता. काळा, जेवणाच्या डब्याएवढा, दोन बोटं रुंद पडद्याचा. घरात त्याला डबाच म्हणत. गाणी ऐकायला आणलेल्या या यंत्राने आजवर एकही गाणं म्हटलं नव्हतं. तो फक्त डिक्टेशन द्यायचा.

भाऊसाहेबांची बायको, जिला सगळी गल्ली 'बाई' म्हणायची, बाहेरच्या खोलीत टायपिंग आणि लघुलेखनाचा क्लास चालवायची. आजारपणात तिचा आवाज बसला आणि मग गेलाच. तेव्हा त्यांच्या मुलीने आईच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आणि हा डबा आणला. शेवटचे चार विद्यार्थी संध्याकाळी सहाला यायचे, डबा बोलायचा, "महोदय, आपल्या पत्रास अनुसरून," आणि खरी बाई शेजारी बसून नुसत्या भुवयांनी चुका दाखवायची. भुवया आवाजापेक्षा कडक होत्या.

बाई गेल्याला चार महिने झाले होते. विद्यार्थी यायचे थांबले. सहा मात्र रोज वाजायचे. भाऊसाहेब वही घेऊन बसायचे आणि डबा सांगेल ते उतरवायचे. लघुलेखन त्यांना येत नव्हतं. ते आपले बाळबोध अक्षरात, पळतपळत लिहायचे. आणि काल सहाला डबा गप्प बसला. आज साडेपाच झाले होते.

त्यांनी आपल्या मुलीला फोन लावला. ती दुसऱ्या शहरात असते आणि बापाशी बोलताना दर तिसऱ्या वाक्याला श्वास सोडते.

"बाबा, आईचा आवाज त्या डब्यात नाहीये."

"म्हणजे?"

"तो आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर आहे. डबा फक्त तिथून मागवतो. राउटरमार्फत. कॉम्प्युटर राउटरला वायरने जोडलाय."

भाऊसाहेबांनी विचार केला. "म्हणजे अर्जदार डबा. फाइल कॉम्प्युटरकडे. आणि राउटर म्हणजे आवक-जावक."

"हो, तसंच समजा."

"मग अर्ज अडलाय कुणाच्या टेबलावर?"

"पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा. गोलाच्या खाली."

भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकून वाचलं. "'बाईंचा क्लास' सापडत नाही. शोध चालू आहे."

"ते वाय-फायचं नाव आहे, बाबा," मुलगी घाईने म्हणाली. "आईनेच ठेवलं होतं. राउटर बंद आहे का?"

"नाही. फोनवर येतंय."

"फोनवर काय नाव दिसतंय?"

भाऊसाहेबांना आता सगळंच दिसू लागलं होतं, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं भाग होतं.

"वारस," ते म्हणाले.

"कोण वारस?"

"मी."

भाऊसाहेब वीज कार्यालयात नावबदलाच्या टेबलावर होते. मीटर मयताच्या नावे राहू नये, एवढंच त्यांचं आयुष्यातलं काम. बाई गेल्यावर त्यांनी पंधरा दिवसांत पाणी, गॅस, बँक, घरपट्टी, सगळीकडून तिचं नाव काढलं. लोकांना वर्ष लागतं. एकही कागद परत आला नाही. रडायचं राहून गेलं, पण फाइल पूर्ण होती. काल दुपारी इंटरनेटवाला वायर बदलायला आला, त्याने यादीत 'बाईंचा क्लास' दाखवलं आणि भाऊसाहेबांच्या लक्षात आलं की एक नोंद राहिली. त्यांनी तिथल्या तिथे बदल करून घेतला. नवीन नाव काय टाकू, असं त्याने विचारल्यावर फॉर्मवर जे असतं तेच सांगितलं.

"बाबा," मुलगी म्हणाली आणि तिने श्वास सोडला. "असू दे. जुनं नाव परत देऊ. पासवर्ड तरी तोच आहे ना?"

"तोही बदलला. नावाबरोबर तोही जातो."

"जुना काय होता?"

"तिला माहीत."

"मलाही सांगितला नव्हता. माझ्याकडे पाठ फिरवून डब्यात टाकला होता तिने."

"डब्याला माहीत असेल."

"असेल. पण तो सांगत नाही, बाबा. त्याला तसं बनवलंय."

बाईने शिकवलेला, आणखी काय होणार.

मुलीने सांगितलं तशी भाऊसाहेबांनी बटणं दाबली. खाली, खाली, उजवीकडे. यादीत 'वारस' दिसलं. ते निवडल्यावर पडद्यावर प्रश्न आला: 'बाईंचा क्लास' विसरायचा? खाली दोन चौकोन, हो आणि नाही.

"'हो' दाबा," मुलगी म्हणाली.

"मी विसरायचं?"

"तुम्ही दाबायचं फक्त. विसरणार डबा."

"दुसरा काही मार्ग?"

"नाही, बाबा."

खिडकीबाहेरून हा प्रश्न भाऊसाहेबांना हजारदा विचारला गेला होता, आणि त्यांनी हेच उत्तर मान वर न करता दिलं होतं. निदान मुलीचा आवाज तरी ओला होता. त्यांचा अंगठा बटणावर होता. आधी तो चुकून 'नाही'वर पडला. डबा परत गोल फिरवू लागला. खाली, खाली, उजवीकडे, असं सगळं पुन्हा करावं लागलं. पुन्हा तोच प्रश्न.

त्यांनी 'हो' दाबलं.

डब्याने क्षणात विसरून टाकलं. एवढं पटकन होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. नवीन पासवर्ड टाकला. गोल थांबला.

"आलं का?" मुलीने विचारलं.

"आलं बहुतेक. ठेव तू."

सहाला दोन मिनिटं कमी होती. भाऊसाहेबांनी वही उघडली, तारीख घातली. आधी कॅसेटची खरखर आली, मग एक खोकला, आणि मग बाई मिनिटाला साठ शब्दांच्या स्पीडने सुरू झाली.

"महोदय. आपण पाठविलेल्या सहा खुर्च्या आम्हांस मिळाल्या. त्यांपैकी दोन खुर्च्यांस पाय नाहीत. सदर पाय स्वतंत्रपणे पाठविले असल्यास..."

भाऊसाहेब 'खुर्च्यांस'पाशीच मागे पडले. बाई थांबली नाही, ती कधीच कुणासाठी थांबत नसे. पहिल्याच दिवशी सांगायची, शब्द सुटला तर शोधत बसायचं नाही, तेवढी जागा कोरी सोडायची आणि पुढे लिहायचं.

त्यांनी जागा सोडली, आणि पुढे लिहू लागले.